प्रवाळ आणि दिवा

दिवाळीच्या अंकात दिव्याविरुद्ध तक्रार मांडणे औचित्याला धरून नाही, हे मी जाणतो. पण गेल्या वर्षी परदेशी असलेल्या माझ्या भाच्याच्या घरी जे पाहिले, त्यामुळे ती मांडणे मला भाग आहे. त्याच्या दिवाणखान्यात काचेची मोठी पेटी आहे. तीत खारे पाणी आणि खडकांवर वाढवलेली जिवंत प्रवाळे. हौसेने त्याने एक नवा, अधिक प्रखर दिवा आणून बसवला. आठवडाभरातच तपकिरी प्रवाळे हाडासारखी पांढरी पडली. "मामा, ती उजेडावर जगतात म्हणून तर जास्त उजेड दिला!" तो काकुळतीने म्हणाला. या एका वाक्यामागे केवढा इतिहास आहे, हे मला पुढे वाचताना उमगले.

घरात प्रवाळ पाळण्याचा पहिला मान बहुधा ॲना थिन या इंग्रज बाईंकडे जातो. १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून त्यांनी प्रवाळे लंडनला नेली. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते पाणी उघड्या खिडकीशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतले जाई. त्या प्रवाळांना दिव्याची गरजच नव्हती, कारण थंड समुद्रातली ती जात केवळ भक्ष्यावर जगते. आपल्याकडे मंगळाच्या अंगठीत बसवतात ते तांबडे पोवळेही तसेच. भूमध्य समुद्रातल्या अंधाऱ्या कपारींत ते वाढते.

उष्ण समुद्रात प्रचंड खडक रचणाऱ्या प्रवाळांची गोष्ट मात्र निराळी. त्यांच्या देहात सूक्ष्म शैवाले भाडेकरूंसारखी राहतात. १८८१ साली कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञाने अशा सहवासी शैवालांना नाव दिले. पण भाडे कोण कोणाला देतो, हा वाद पुढे बरीच वर्षे चालला. १९२८-२९ साली मॉरिस योंग यांच्या नेतृत्वाखाली एक ब्रिटिश मोहीम ऑस्ट्रेलियाच्या लो बेटांवर राहिली. तेथे प्रवाळे काळोखात कोंडून पाहिली. शैवाले गेली, प्रवाळे फिकी पडली. पण खाऊ घातल्यावर तगली. म्हणून शैवाले अन्नदाती नव्हेत, असे योंग यांचे मत झाले. १९५८ साली किरणोत्सर्गी कार्बनच्या साहाय्याने दुसरी बाजू उघड झाली. प्रवाळांचेच भाऊबंद असलेल्या समुद्रफुलाच्या देहात शैवालांनी उजेडात बनवलेले अन्न पोहोचते, असे त्या प्रयोगात दिसले. पुढे प्रवाळांतही तेच आढळले.

उजेड म्हणजे अन्न, हे एकदा कळल्यावर हौशी माणसे थांबतील कशी? १९६१ साली इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी ऊन, जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर घरची प्रवाळपेटी कशी चालते, हे लिहून प्रसिद्ध केले. पण जकार्तेचे ऊन जर्मनीत कोठून आणावे? तेथे आणि अमेरिकेत १९८० च्या दशकात धातू-हॅलाइडचे प्रखर दिवे पेट्यांवर लागले. पुढे एलईडी आले. येथेच घात झाला. काही हॅलाइड दिव्यांतून अतिनील किरण निघत. त्यांपुढची संरक्षक काच काढली की प्रवाळे होरपळत. जुना दिवा महिनोन्महिने हळूहळू मंद होई, प्रवाळे त्या मंदपणाला सरावत, आणि नवा दिवा लावताच त्यांना धक्का बसे.

त्यामागचे कारण साधे आहे. शैवालाला पेलवेल त्यापेक्षा अधिक उजेड मिळाला, की त्याचे अन्न बनवण्याचे यंत्र बिघडते आणि प्राणवायूची दाहक रूपे तयार होतात. मग प्रवाळ आपल्या भाडेकरूंना बाहेर काढते. जो पांढरा रंग दिसतो, तो पारदर्शक कातडीखालच्या चुन्याच्या सांगाड्याचा. पाणी तापलेले असेल तर हा अनर्थ थोड्या उजेडातही ओढवतो. १९२९ साली लो बेटांवर ओहोटीच्या तापलेल्या पाण्यात प्रवाळे फिकी पडलेली योंग यांच्या मंडळींनीही पाहिली होती.

भाच्याला मी इतिहास ऐकवला आणि त्याने जाणत्यांकडून उपाय मिळवला. दिवा निम्म्याहून मंद केला, प्रवाळे पेटीच्या तळाशी उतरवली, पाण्यातला उजेड मोजण्याचे यंत्र आणले. आणि मग पाच-सहा आठवड्यांत थोडाथोडा उजेड वाढवला. दोन प्रवाळे गेली. तिसऱ्यावर काही महिन्यांनी पुन्हा तपकिरी झाक आली. त्या दिवशी त्याने मला मुद्दाम फोन केला.

भारतात प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, तेव्हा समुद्रातून ती उचलून घरी आणण्याचा मोह कोणी करू नये. मालवणच्या किनाऱ्यालगतची प्रवाळे तेथेच शोभतात. पण त्यांच्यावरचे पाणी तापू लागले, तर कोणता दिवा मंद करायचा? पेटीतला दिवा भाच्याच्या हाती होता. समुद्र तापवणारा धूर आपणा सर्वांच्या हातचा आहे, आणि तो मंद करायला आपण पाच-सहा आठवड्यांहून कितीतरी अधिक काळ घेतला आहे.