छापील गीत, चाल आणि लोकजागृती : महाराष्ट्रातील गीतपुस्तिकांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मुद्रणकलेने मराठीत वाचकवर्ग निर्माण केला, असे विधान मुद्रणाच्या इतिहासात नेहमी केले जाते. ग्रंथ व वृत्तपत्रे यांच्या बाबतीत ते खरे आहे. परंतु छापील साहित्याचा एक प्रकार असा होता, की त्याला वाचकापेक्षा गाणाऱ्याची व ऐकणाऱ्याची गरज अधिक होती. सभेत, जलशात वा जत्रेत अल्प किमतीस विकली जाणारी मोजक्या पानांची गीतपुस्तिका किंवा एकपानी गीतपत्रक हा तो प्रकार होय. एक जण वाची, दहा जण गात आणि शंभर जण ऐकत. त्यामुळे ज्या समाजात साक्षरता अत्यल्प होती, तेथेही छापलेला शब्द पोहोचू शकला. प्रस्तुत लेखात या प्रकाराचे स्वरूप, त्याचे सामाजिक कार्य आणि राज्यसत्तेने त्याची घेतलेली दखल यांचा थोडक्यात विचार केला आहे.

चालीची ओळ

या पुस्तिकांत स्वरलिपी सहसा नसते. गीताच्या शीर्षकाखाली 'चाल' एवढा शब्द आणि त्यापुढे एखाद्या परिचित लावणीचा, अभंगाचा, नाट्यपदाचा किंवा पुढील काळात चित्रपटगीताचा निर्देश असतो. ही ओळ दिसते लहान, पण तिच्यावरच सारा व्यवहार उभा असतो. शब्द छापखाना पुरवी. सूर मात्र विकत घेणाऱ्याच्या कानात आधीच असावा लागे. म्हणजे मुद्रणाने येथे मौखिक परंपरेची जागा घेतली नाही, उलट ते तिच्याच आधारावर चालले.

हे केवळ मराठीचे वैशिष्ट्य नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या काळात न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आदी शहरांतून एका बाजूस छापलेली गीतपत्रके मोठ्या प्रमाणावर विकली जात. त्यांवरही बहुधा स्वरलेखन नसे. कोणत्या परिचित चालीवर गीत म्हणावे एवढेच नमूद असे. दोन दूरच्या समाजांत एकच युक्ती आढळते, याचे कारण मुद्रकाची गरज दोन्हीकडे सारखीच होती : कमी कागद, कमी खर्च आणि लवकर प्रसार.

पोवाड्यापासून जलशापर्यंत

आधुनिक सामाजिक चळवळीसाठी छापील गीताचा जाणीवपूर्वक उपयोग महात्मा जोतीराव फुले यांनी केला. त्यांचा छत्रपती शिवाजी महाराजांवरील पवाडा १८६९ साली प्रसिद्ध झाला. तो कुणबी, माळी, महार, मांग आदींच्या उपयोगी पडावा आणि त्यासाठी अवजड संस्कृत शब्द टाळावेत, अशी आपली भूमिका त्यांनी प्रस्तावनेतच मांडली आहे. पोवाड्याची चाल या श्रोत्यांना शिकवावी लागत नव्हती. परिचित घाटात नवा इतिहास घालणे हीच या रचनेमागील दृष्टी होती.

१८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या प्रेरणेतून पुढे सत्यशोधक जलसे उभे राहिले. तमाशाचा सांगाडा ठेवून त्यातील आशय त्यांनी बदलला. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी हीच वाट पुढे नेली. ज्या वस्तीत वृत्तपत्र जात नव्हते, तेथे जलसा जाई. आणि जलसा उठून गेल्यावर मागे उरे ती चोपडी. आजही ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर गीतांच्या स्वस्त पुस्तिका विकल्या जातात, हा या परंपरेचाच विस्तार होय.

गीत आणि कायदा

गीताच्या सामर्थ्याची कबुली विरोधकाकडूनही मिळते. १८९७ मधील लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात 'केसरी'त आलेली शिवाजी महाराजांच्या तोंडची कविता हा पुराव्याचा भाग होता. १९०९ साली 'लघु अभिनव भारत माला' या कवितांच्या पुस्तिकेच्या प्रकाशनावरून नाशिक येथे गणेश दामोदर सावरकर यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. देव आणि ऐतिहासिक वीर यांची नावे घेऊन प्रत्यक्षात विद्यमान सरकारविरुद्ध लढण्याची चिथावणी दिली आहे, असा अर्थ अपिलात मुंबई उच्च न्यायालयाने लावला व शिक्षा कायम केली. काही कवितांसाठी आयुष्यभराची शिक्षा, हे प्रमाण लक्षात घेतले म्हणजे शासनाच्या भीतीची कल्पना येते. १९१०च्या मुद्रण कायद्याने छापखान्यांकडून अनामत रक्कम मागण्याचा अधिकारही शासनास मिळाला.

येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. नियंत्रणासाठी केलेल्या १८६७च्या कायद्यानुसार प्रकाशनांच्या प्रती सरकारजमा होत आणि त्यांच्या त्रैमासिक याद्या निघत. ज्या शासनाला ही गीते नकोशी होती, त्याच्याच दप्तरात त्यांची नोंद राहिली. समाजाने मात्र त्या पुस्तिका वापरून, फाटेपर्यंत हाताळून संपविल्या.

संयुक्त महाराष्ट्राचा अनुभव

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनी शाहिरीला व्यापक राजकीय व्यासपीठ दिले. अण्णा भाऊंच्या 'माझी मैना' या प्रसिद्ध छक्कडीत गावी राहिलेल्या पत्नीचा विरह आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या सीमाभागाची वेदना एकत्र येतात. विरहाची लोकपरिचित चाल नसती, तर सीमाप्रश्न गिरणी कामगाराच्या काळजाला इतक्या सहज भिडला नसता. छापील संहिता एकटी वाचली असता हा परिणाम अर्धाच कळतो. चाल ही आशयाचाच भाग असते, हे यावरून स्पष्ट होते.

पालघर परिसराच्या संदर्भात

आज ज्या जिल्ह्याचे मुख्यालय कोळगाव येथे आहे, तो पालघर परिसर या अभ्यासास विशेष अनुकूल आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघर येथे झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध लढा दिला. पहिल्या घटनेमागे सभा, मिरवणुका व राष्ट्रगीते यांचे वातावरण होते. दुसऱ्या लढ्यातील बहुसंख्यांना अक्षरओळखच नव्हती आणि निरोप पाड्यापाड्यांतून तोंडी फिरत होता. एकाच भूभागात छापील शब्दाची पोहोच आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी तीन वर्षांच्या अंतराने पाहावयास मिळतात.

समारोप

गीतपुस्तिका हे इतिहासाचे दुय्यम साधन नव्हे. मात्र ती वाचताना शब्दांबरोबर चालीचीही नोंद घेतली पाहिजे. कारण चाल जाणणारा शेवटचा माणूस गेला की पुस्तिका हाती असूनही गीत हरवते. अमेरिकेत इसाया थॉमस या मुद्रकाने १८१३ मध्ये बॉस्टनच्या बाजारात मिळणारी गीतपत्रके विकत घेऊन संस्थेच्या स्वाधीन केली, म्हणून ती टिकली. आपल्याकडे शाळिग्राम व ॲक्वर्थ यांनी १८९१ मध्ये जुने ऐतिहासिक पोवाडे संग्रहित केले. परंतु चळवळींच्या चोपड्यांच्या वाट्याला तशी आस्था क्वचितच आली. महाविद्यालयीन ग्रंथालये व इतिहास विभाग यांनी आपापल्या परिसरातील जुन्या पुस्तिका जमविणे आणि त्यांच्या चाली वृद्ध गायकांकडून ध्वनिमुद्रित करून घेणे, हे काम अल्प खर्चाचे आहे. परंतु ते पुढे ढकलण्याजोगे नाही.