साखरेची शिल्पे : शाही मेजवानीपासून संग्रहालयापर्यंत

साखरेपासून मूर्ती, झाडे, किल्ले आणि बागा घडवण्याची कला किमान एक हजार वर्षे जुनी आहे. उसाच्या रसापासून दाणेदार साखर तयार करण्याचे तंत्र भारतात विकसित झाले आणि इराणमार्गे अरब जगात पोहोचले. या कलेची सुरुवातीची वर्णनेही तिकडचीच आहेत. फारसी प्रवासी नासिर खुसरो अकराव्या शतकाच्या मध्यास कैरोत होता. फातिमी खलिफाच्या मेजवानीसाठी सजवलेले संत्र्याचे एक झाड त्याने पाहिले. त्याच्या फांद्या, पाने, फळे सारे काही साखरेचे होते आणि आजूबाजूला साखरेच्याच असंख्य लहान मूर्ती मांडलेल्या होत्या.

युरोपात साखर प्रामुख्याने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमार्फत येत असे. ती इतकी महाग होती की मसाल्यांच्या आणि औषधांच्या पंक्तीत तिची गणना होई. असा जिन्नस शोभेसाठी वापरणे म्हणजे यजमानाने आपले वैभव उघडपणे मांडणे होते. इंग्लंडच्या राजदरबारात जेवणाच्या दोन फेऱ्यांमध्ये साखरेचे देखावे आणले जात. संतांच्या आकृती, राजचिन्हे आणि राजकीय संदेश त्यांतून दाखवले जात.

अशा शिल्पांसाठी नुसता पाक पुरेसा नव्हता. पश्चिम आशियातील एका काटेरी झुडपाचा डिंक गुलाबपाण्यात भिजवून कापडातून पिळून गाळत. त्यात वस्त्रगाळ साखर घालून खलात कुटत आणि मऊ, पांढराशुभ्र गोळा मळत. तो लाटून त्याच्या ताटल्या व वाट्या करता येत किंवा कोरीव लाकडी साच्यात दाबून पाने, फुले, चेहरे उठवता येत. सुकल्यावर तो कडक होई आणि मग त्यावर रंग वा सोन्याचा वर्ख चढवत. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये ह्यू प्लॅट याने गृहिणींसाठी छापलेल्या पुस्तकातही अशा कृती आढळतात. गुढीपाडव्याच्या गाठी घालणारे कारागीरही लाकडी साचेच वापरतात, मात्र त्यांत गरम पाक ओततात. डिंकाचा गोळा थंडच हाताळला जाई, म्हणून त्यावर कितीतरी बारीक काम करता येत असे.

सोळाव्या शतकात ही कला ऐन भरात आली. १५७४ मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री पोलंडहून मायदेशी परतताना व्हेनिसला थांबला. तेथील आर्सेनल या जहाजबांधणी केंद्रात त्याच्यासाठी जे मेज मांडले होते, त्यावरचा हातरुमाल, ताटल्या, सुऱ्या, काटे आणि पावसुद्धा साखरेचे होते. राजाने हातरुमाल उचलला आणि तो त्याच्या हातात मोडला, असे वर्णन आहे. १५८२ मध्ये इस्तंबूलमध्ये सुलतान तिसरा मुराद याच्या मुलाच्या सुंता सोहळ्यात साखरेचे प्राणी मिरवणुकीतून नेण्यात आले. त्या सोहळ्याचा सचित्र ग्रंथ आजही तोपकापी राजवाड्याच्या संग्रहात आहे.

१६८७ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याचा दूत लॉर्ड कॅसलमेन याने रोममध्ये दिलेल्या मेजवानीत लांबच लांब मेजावर साखरेच्या शिल्पांची रांग होती. मेजवानीनंतर त्यांतले काहीच टिकणार नव्हते, म्हणून त्यांची चित्रे कोरून ग्रंथात छापण्यात आली. या कलेचा इतिहास आज लिहिता येतो तो मुख्यतः अशा छापील चित्रांमुळे आणि हलवायांच्या पुस्तकांमुळे.

अठराव्या शतकात परिस्थिती पालटली. १७१० मध्ये जर्मनीतील माइसेन येथे चिनी मातीचा कारखाना सुरू झाला. पुढे तिथल्या मूर्तींनी मेजावर साखरेच्या मूर्तींची जागा घेतली, कारण त्या पुन्हा पुन्हा वापरता येत. त्याच काळात कॅरिबियन बेटांवरील मळ्यांतून साखरेचा पुरवठा प्रचंड वाढला. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर हे मळे चालत. एकोणिसाव्या शतकात बीटापासूनही साखर निघू लागली. दुर्मीळपणा संपला आणि त्याबरोबर साखरेची राजेशाही प्रतिष्ठाही ओसरली. फ्रान्समध्ये आंतोनॅं कारेम (१७८४–१८३३) याने वास्तुकलेची पुस्तके अभ्यासून मंदिरे, मनोरे व भग्नावशेष यांच्या आकाराचे देखावे उभे केले, तेव्हा ही परंपरा पाकशास्त्रातील कौशल्य म्हणून उरली होती.

विसाव्या शतकाच्या अखेरीस साखर पुन्हा कलेत आली, पण आता संग्रहालयाच्या दालनात. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस याने १९९१ मध्ये रंगीत कागदांत गुंडाळलेल्या गोळ्यांचा ढीग मांडला. त्याचे आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. एड्सने मरण पावलेल्या आपल्या जोडीदाराचे हे त्याने केलेले व्यक्तिचित्र आहे. प्रेक्षकाने त्यातली गोळी उचलावी, खावी, ढीग घटत जावा आणि तो पुन्हा भरता यावा, अशी त्याची रचना आहे. ही कलाकृती शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये पाहायला मिळालेली आहे. विक मुनीझ याने १९९६ मध्ये सेंट किट्स बेटावरील ऊसमजुरांच्या मुलांची चित्रे काळ्या कागदावर साखर भुरभुरून काढली आणि त्यांची छायाचित्रे घेतली.

२०१४ मध्ये कारा वॉकर हिने न्यूयॉर्कमधील डॉमिनोच्या बंद पडलेल्या साखर कारखान्यात सुमारे ३५ फूट उंच, पांढऱ्या साखरेचा लेप दिलेली स्फिंक्ससारखी स्त्रीमूर्ती उभारली. आफ्रिकी वंशाच्या स्त्रीचा चेहरा असलेल्या या मूर्तीभोवती टोपल्या वाहणाऱ्या मुलांच्या आकृती होत्या. त्यांतल्या साखरेच्या पाकातून ओतलेल्या काही आकृती प्रदर्शन चालू असतानाच वितळल्या आणि मोडल्या. मूर्तीच्या नावातच वॉकरने ऊसमळ्यांपासून स्वयंपाकघरांपर्यंत बिनमोबदला राबलेल्या हातांना वंदन केले होते. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी संशोधन संस्थेने उत्सवांतील खाद्यकलेवर प्रदर्शन भरवले. त्यात इतिहासकार आयव्हन डे यांनी अठराव्या शतकातील छापील चित्रावरून घडवलेला साखरेचा राजवाडा होता.

दरबारातील शिल्पांनी साखर विकत घेणाऱ्याचे वैभव दाखवले. ती पिकवणाऱ्यांना त्या मेजावर जागा नव्हती. ती जागा त्यांना संग्रहालयांच्या काळात मिळाली आणि साखरेच्या कलेच्या हजार वर्षांतला हा सर्वांत मोलाचा बदल आहे.