पिंपातले पाणी आणि लाल पाखरू

मंडळी, जास्वंदीच्या फुलाला लोंबकळून मध पिणारा शिंजीर तुम्ही परसात पाहिला असेलच. आज हकिगत सांगायची आहे ती त्याच्यासारख्याच एका दूरदेशीच्या पाखराची. ते शिंजिराच्या नात्यातले नव्हे. पण फुलांतला मध पिण्याचा धंदा एकच, म्हणून दोघांच्या चोचीही सारख्याच बाकदार.

प्रशांत महासागराच्या मध्यावर हवाई बेटे आहेत. तिथल्या डोंगरांत ओहिया नावाच्या झाडाला लाल झुबकेदार फुले येतात. त्यांवर इईवी पक्षी जगतो. अंग लालभडक, पंख काळे आणि चोच विळ्यासारखी वाकडी. त्याची पिसे जाळीत गुंफून तिथले लोक सरदारांसाठी शाली करीत. एकेका शालीला हजारो पिसे लागत. १७७९ साली कलानिओपू राजाने अशी एक शाल कॅप्टन कुकला दिली होती. इतकी पिसे काढूनही हा पक्षी पुष्कळ होता. मग त्याचा घात केला कोणी?

त्या बेटांवर डास मुळी नव्हतेच! १८२६ साली लाहैना बंदरात आलेल्या एका जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून डासांच्या अळ्या तिथे पोचल्या, असे सांगतात. पुढे बाहेरून आणलेल्या पाखरांच्या रक्तातून पक्ष्यांचा हिवतापही आला. डास आणि रोग यांची गाठ पडली.

ही गाठ उकलली गेली ती मात्र आपल्या देशात. १८९८ साली कलकत्त्यास रोनाल्ड रॉस यांनी पाखरांवरच प्रयोग करून दाखविले, की हिवताप डासाच्या चाव्यातून पसरतो. पाखरांचा हा हिवताप माणसाला होत नाही, हे गुरुजींनी मुलांना आवर्जून सांगावे.

आता तुम्ही विचाराल, आपली पाखरे कशी तगली? अहो, ती या रोगाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या वाढली. हवाईच्या पाखरांना त्याची ओळखच नव्हती. प्रयोगात रोगी डास एकदाच चावला, तरी दहांत नऊ इईवी दगावले.

डासाला थंडी मानवत नाही. म्हणून सुमारे १,५०० मीटरच्या वरच्या गार रानांत इईवी टिकून आहे. पण हवा तापते आहे, तसा डासही वर चढतो आहे. डोंगर संपला की पाखराने जावे कुठे? २०१७ साली अमेरिकेने त्याला संकटग्रस्त ठरविले. २०२३ पासून माउई बेटाच्या रानात एक विशिष्ट जिवाणू असलेले नर डास सोडतात. नर चावत नाही आणि त्याच्याशी जुळलेल्या रानातल्या मादीची अंडी फुटत नाहीत. उपाय चालू आहे. यश यायचे आहे.

पिसे काढणाऱ्या हातांनी जे झाले नाही, ते पिंपातल्या पाण्याने केले. तेव्हा मंडळी, दारचा रांजण आठवड्यातून एकदा घासून कोरडा करताना तळाशी वळवळणाऱ्या अळ्या मुलांना दाखवा, आणि इईवीची ही गोष्टही सांगा.