घोड्यावरून न उतरलेला व्यापारी

धंद्याच्या कामासाठी परदेशी निघालेल्या माणसाला घरचे काय सांगतात? पासपोर्ट जपा, सगळे पैसे एकाच खिशात ठेवू नका, पोहोचल्याबरोबर फोन करा. मी पहिल्यांदा जपानला निघालो तेव्हा मलाही हेच सांगण्यात आले. आमच्या ऑफिसमधले एक ज्येष्ठ सहकारी मात्र म्हणाले, ‘पहिले दोन दिवस कमी बोला आणि तिथले लोक काय करतात ते नुसते बघा.’ हा सल्ला तेव्हा मला जरा मिळमिळीत वाटला होता. त्याचे मोल कळले ते नामामुगीला.

नामामुगी हा आता योकोहामा शहराचाच एक भाग आहे. कामातून एक रविवार मोकळा मिळाला म्हणून मी तिथे गेलो होतो. १८८३ मध्ये उभारलेली एक स्मृतिशिला तिथे आहे. चार्ल्स लेनॉक्स रिचर्डसन हा तिशीच्या आतला इंग्रज व्यापारी १४ सप्टेंबर १८६२ रोजी या परिसरात मारला गेला. त्या एका मृत्यूतून पुढे लढाई झाली आणि एका शहराचा मोठा भाग जळाला.

त्याआधी दोनशेहून अधिक वर्षे जपानने युरोपीयांपैकी फक्त डचांना व्यापाराची मुभा दिली होती, तीही नागासाकीजवळच्या देजिमा या चिमुकल्या बेटावर. १८५८ मध्ये इंग्लंड, अमेरिका आदी देशांशी तह झाले आणि १८५९ मध्ये योकोहामा बंदर खुले झाले. बंदराच्या आसपास सुमारे चाळीस किलोमीटरपर्यंत फिरण्याचा हक्क परदेशी व्यापाऱ्यांना मिळाला. शिवाय इंग्रज माणसाने गुन्हा केला तरी त्याचा न्याय जपानी अधिकारी करणार नाही, इंग्रज वकील करील, असेही तहात ठरले. कागदावर पाहिले तर व्यापारी पुरता सुरक्षित होता.

पण जवळच्या तोकाइदो रस्त्यावर वेगळा कायदा चालत असे, तो रिवाजाचा. हा एदो, म्हणजे आजचे टोकियो, आणि क्योटो यांना जोडणारा राजरस्ता. मोठे सरदार शेकडो शस्त्रधारी सामुरायांसह त्यावरून ये-जा करीत. सरदाराची स्वारी आली की सामान्य माणसाने बाजूला होऊन गुडघे टेकायचे आणि घोडेस्वाराने खाली उतरायचे. अपमान झाला असे वाटल्यास तिथेच तलवार उपसण्याची मुभा सामुरायाला होती.

त्या दिवशी सात्सुमा प्रांताचा कर्ता पुरुष शिमाझु हिसामित्सु याची स्वारी एदोहून परतत होती. समोरून चार इंग्रज घोड्यांवरून येत होते. रिचर्डसन, क्लार्क आणि मार्शल हे तीन व्यापारी आणि त्यांच्याबरोबर श्रीमती बोरोडेल. कावासाकीचे प्रसिद्ध मंदिर पाहायला ते निघाले होते. रस्ता अरुंद होता. स्वारीतल्या लोकांनी हातवारे करून त्यांना थोपवण्याचा प्रयत्न केला. भाषा कोणालाच कळत नव्हती. चौघे घोड्यांवरून उतरले नाहीत, पुढे जात राहिले आणि थेट हिसामित्सुच्या पालखीजवळ पोहोचले. घोडे वळवेपर्यंत तलवारी चालल्या. जबर जखमी झालेला रिचर्डसन थोड्या अंतरावर घोड्यावरून कोसळला आणि तिथे त्याला ठार करण्यात आले. क्लार्क आणि मार्शल रक्तबंबाळ अवस्थेत कानागावाच्या अमेरिकन वकिलातीत पोहोचले. तिथे डॉ. हेपबर्न यांनी त्यांच्यावर उपचार केले. जपानी भाषा रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे हेपबर्न.

या कथेतला दुसरा माणूस मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर, त्याच स्वारीशी यूजीन व्हॅन रीड या अमेरिकन व्यापाऱ्याचीही गाठ पडली होती. त्याला थोडी जपानी येत होती आणि रिवाजही ठाऊक होता. तो घोड्यावरून उतरला, बाजूला उभा राहिला आणि स्वारी पुढे जाऊ दिली. त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. रस्त्यावर चालण्याचा हक्क तहाने दोघांनाही दिला होता. व्हॅन रीडला वाचवले ते मात्र त्या हक्काने नव्हे.

रिचर्डसन नवखा प्रवासी नव्हता, हे विशेष. शांघायमध्ये त्याने अनेक वर्षे व्यापार केला होता. तिथे एका निरपराध हमालाला बेदम मारल्याबद्दल त्याला जबर दंड झाला होता, असे पेकिंगचे ब्रिटिश वकील फ्रेडरिक ब्रूस यांनी नंतर एका पत्रात नमूद केले. एका देशात खपून गेलेली वागणूक दुसऱ्या देशातही खपेल, हा भ्रम अनुभवी माणसालाच अधिक होतो. नवखा निदान बिचकून तरी असतो.

अर्थात, घोड्यावरून न उतरणे हा काही देहदंडाचा गुन्हा नव्हे. निःशस्त्र माणसावर तलवार चालवणे तेव्हाही क्रौर्यच होते. पण इंग्लंडने त्याची जी किंमत वसूल केली तीही भयंकर होती. शोगुनच्या सरकारकडून १ लाख पौंड आणि सात्सुमाकडून २५ हजार पौंड मागण्यात आले. शोगुनने पैसे भरले, सात्सुमाने नकार दिला. ऑगस्ट १८६३ मध्ये सात ब्रिटिश युद्धनौका कागोशिमाच्या आखातात शिरल्या. वादळी हवेत तोफांची लढाई झाली. शहराचा मोठा भाग जळाला आणि इंग्रजांच्या मुख्य नौकेचा कप्तानही मारला गेला. शहर जाळल्याबद्दल ब्रिटिश पार्लमेंटमध्येही टीका झाली.

सात्सुमाने शेवटी दंड भरला, तोही शोगुनकडून कर्ज काढून. त्या तोफा पाहून त्यांनी धडा घेतला आणि १८६५ मध्ये आपले १९ लोक गुपचूप इंग्लंडला पाठवले. कालच्या शत्रूच्या देशात पाहुणा म्हणून राहून शिकायचे, हे त्यांना जमले. १८६८ मध्ये शोगुनशाही उलथली, तेव्हा सात्सुमा आघाडीवर होता.

त्याच संध्याकाळी मी योकोहामाच्या किनाऱ्यावरच्या यामाशिता बागेत गेलो. तिथे घुमटाचे एक छोटे पाणपोईवजा बांधकाम आहे. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात हे शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा इथले भारतीय व्यापारीही त्यात सापडले. योकोहामाकरांनी त्यांना मदतीचा हात दिला. त्याची कृतज्ञता आणि आपल्या मृतांची आठवण म्हणून भारतीयांनी १९३९ मध्ये ही वास्तू शहराला भेट दिली. या व्यापाऱ्यांमागे ना युद्धनौका होत्या ना तहाची कलमे. शेजाऱ्यांशी जोडलेले संबंध एवढीच त्यांची शिदोरी होती आणि संकटात तीच कामी आली.

आता परदेशी निघालेला कोणी तरुण भेटला की मी त्याला या दोन घोडेस्वारांची गोष्ट सांगतो. पासपोर्ट, विमा, वकिलातीचा फोन नंबर हे सगळे जवळ असावेच. पण रस्त्यात कोणी हात उंचावून काही सांगू लागले, तर आधी थांबावे आणि घोड्यावरून खाली उतरावे. आपला हक्क काय, हा वाद मग सावकाश घालता येतो.