पाटणचा मठ आणि गणिताबाहेरचा पाहुणा

ऑक्टोबर २०२४च्या मध्यावर त्सुचिन्शान-ॲटलास धूमकेतूचे छायाचित्र घ्यायला मी चाळीसगावजवळच्या पाटणला गेलो. गावाबाहेरच्या काळोख्या शेतात दिवेलागणीनंतर पश्चिमेला, शुक्राच्या वर, पुसट शेपटी दिसू लागली. ५० मिलिमीटरच्या लेन्सने दहा-दहा सेकंदांची छायाचित्रे घेतली; वेळ वाढवला की पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्यांच्या रेघा होतात.

सोबतच्या पुतण्याने विचारले, “काका, भास्कराचार्यांना हा येणार हे आधी कळलं असतं?”

पाटणला हा प्रश्न सुचणारच. १८६५ साली डॉ. भाऊ दाजींनी उजेडात आणलेला इथला शके ११२८चा शिलालेख सांगतो, की नातू चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी येथे मठ स्थापला. त्या ग्रंथांत ग्रहणांचे गणित आहे, धूमकेतूंचे नाही. धूमकेतूंचा उदयास्त गणिताने कळत नाही, असे वराहमिहिराने सहाव्या शतकातच बृहत्संहितेत नमूद केले होते.

ते गणित १७०५ मध्ये हॅलेने मांडले. त्याच्या हाती न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम होता आणि १५३१, १६०७, १६८२च्या धूमकेतूंच्या नोंदी होत्या. तिन्ही एकच, तो १७५८च्या सुमारास परतेल, हे त्याचे भाकीत खरे ठरले. तोच धूमकेतू ११४५ मध्येही येऊन गेला होता. भास्कराचार्य तेव्हा ३१ वर्षांचे होते.

“नाही,” मी म्हणालो. त्यात आचार्यांना कमीपणा नाही. पण नोंदींची किंमत त्यातून कळते. पुतण्याने वहीत तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून घेतले.