धंदेशिक्षण, सहकार आणि बाजारपेठ : निर्वासितांच्या पुनर्वसनातील दोन प्रयोग

१

फाळणीविषयीचे इतिहासलेखन बहुधा सत्तांतर, सीमानिश्चिती व हत्याकांड या विषयांभोवती फिरत आले आहे. छावणीत येऊन पोहोचलेल्या माणसाने पुढे आपला चरितार्थ कसा चालविला, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. १९५१ च्या जनगणनेत सुमारे ७३ लाख लोकांची विस्थापित म्हणून नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ४७ लाख पश्चिम पाकिस्तानातून आलेले होते. एवढ्या जनसमूहाला अन्न आणि निवारा पुरविणे हे काम अवघड होते यात शंका नाही. परंतु त्याला अर्थव्यवहारात पुन्हा स्थान मिळवून देणे हे त्याहून अवघड होते. धंदेशिक्षणाने हे स्थान मिळू शकेल, अशी त्या काळच्या राज्यकर्त्यांची श्रद्धा होती. ही श्रद्धा कितपत सार्थ ठरली आणि कोठे अपुरी पडली, याचा निर्णय निलोखेरी व फरीदाबाद या दोन वसाहतींच्या इतिहासावरून बऱ्याच अंशी करता येतो.

२

शेतकऱ्यांच्या पुनर्वसनास निदान एक माप उपलब्ध होते. हिंदू व शीख जमीनधारकांनी पश्चिम पंजाबात सुमारे ६७ लाख एकर जमीन सोडली होती; पूर्व पंजाबात त्यांच्यासाठी मोकळी झालेली जमीन सुमारे ४७ लाख एकर होती. पुनर्वसनाचे महासंचालक तरलोक सिंग यांनी जमिनीचा कस लक्षात घेऊन 'प्रमाण एकर' हे माप ठरविले आणि धारणक्षेत्र जितके मोठे तितकी कपात अधिक, या तत्त्वाने वाटप केले. तूट सर्वांच्या वाट्यास आली, पण ती हिशेबाने आली.

नागर निर्वासितांच्या बाबतीत असा हिशेब शक्य नव्हता. पश्चिमेकडून आलेल्या नगरवासीयांत दुकानदार, सावकार, अडते, कारकून व वकील यांचा भरणा मोठा होता. उलट पूर्व पंजाबातून जे मुसलमान निघून गेले, त्यांत विणकर, लोहार, कुंभार, चर्मकार अशा कारागिरांचे प्रमाण मोठे होते. परिणाम असा झाला की, बाजारपेठेत दुकानदारांची दाटी झाली आणि माग चालविणारे हात नाहीसे झाले. लोकसंख्येची अदलाबदल झाली, परंतु व्यवसायांची अदलाबदल झाली नाही. दुकानदाराला कारागीर बनविणे हे धोरण या विषमतेतून जन्मास आले. त्यामागे आर्थिक गरज होती, तशीच शारीरिक श्रमाला प्रतिष्ठा मिळवून देण्याची नैतिक आकांक्षाही होती.

या कार्यासाठी मध्यवर्ती सरकारपाशी एक तयार यंत्रणा होती. महायुद्धाच्या अखेरीस, जुलै १९४५ मध्ये, सेवामुक्त सैनिक व युद्धकामगार यांच्यासाठी पुनर्वसाहत व सेवायोजन महासंचालनालय स्थापन झाले होते. त्याची सेवायोजन कार्यालये व प्रशिक्षणकेंद्रे १९४७ नंतर निर्वासितांसाठी वापरण्यात आली. परंतु सैनिक आणि निर्वासित यांच्या स्थितीत मूलभूत अंतर होते. सैनिकाला परत जाण्यास गाव होते. निर्वासिताला गाव, गिऱ्हाईक व पत ही तिन्ही नव्याने मिळवावयाची होती. सेवायोजन कार्यालय नाव नोंदवू शकत असे. नसलेली नोकरी निर्माण करणे त्याच्या हाती नव्हते.

३

ही उणीव प्रथम कुरुक्षेत्र येथे स्पष्ट झाली. तेथील छावणी देशातील सर्वांत मोठी असून ऐन भरात तीत सुमारे तीन लाख लोक राहत होते. पुनर्वसन खात्याचे तांत्रिक सल्लागार सुरेंद्र कुमार डे यांनी या छावणीत धंदेशिक्षणाचे केंद्र उघडले. डे हे सिल्हटकडचे, अमेरिकेत शिकलेले अभियंता. विद्यार्थी मिळाले, हत्यारे मिळाली. पण शिक्षण पुरे केलेल्या माणसाने जावे कोठे, हा प्रश्न शिल्लक राहिला. छावणीत सुतारकाम शिकलेला माणूस छावणीतच राहिला, तर तो फार तर हुन्नरी निर्वासित ठरतो. निर्वासितपण त्याला सुटत नाही.

डे यांनी याला दिलेले उत्तर म्हणजे निलोखेरी. दिल्ली-अंबाला मार्गावर, कर्नालच्या उत्तरेस, सुमारे ११०० एकर दलदलीची व झुडपांची जमीन १९४८ मध्ये या कामासाठी मिळाली. ती साफ करण्याचे, रस्ते आखण्याचे व घरे उभारण्याचे काम निर्वासितांनीच केले. सुमारे सात हजार लोकांची ही वसाहत 'मजदूर मंझिल' या नावाने ओळखली गेली. तिच्यात अभियांत्रिकी कर्मशाळा, छापखाना, दुग्धालय, कुक्कुटपालन, सहकारी भांडार व तंत्रनिकेतन यांची सांगड घातलेली होती. मूळ कल्पना अशी की, या नगराने आसपासच्या खेड्यांची गरज भागवावी आणि खेड्यांनी नगराला कच्चा माल व गिऱ्हाईक पुरवावे. प्रशिक्षणाला उत्पादनाची आणि उत्पादनाला परिसराची जोड देणे, हे निलोखेरीचे वैशिष्ट्य होय.

या प्रयोगाची ख्याती लवकरच निर्वासितांच्या प्रश्नापलीकडे गेली. पंतप्रधान नेहरूंना तो अत्यंत आश्वासक वाटला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेचा प्रारंभ झाला, तेव्हा तिची सूत्रे डे यांच्याकडेच देण्यात आली. मात्र या कीर्तीत एक विसंगती दडलेली आहे. निलोखेरी ज्या प्रश्नासाठी निर्माण झाली, तो प्रश्न मागे पडला आणि ती ग्रामविकासाच्या कार्यकर्त्यांना शिक्षण देणारे केंद्र म्हणून प्रसिद्ध झाली. नगर व खेडे यांच्या परस्परावलंबी अर्थव्यवस्थेची कल्पना पुरती साकार झाली नाही. तंत्रनिकेतन टिकले, स्वयंपूर्ण सहकारी नगर मात्र टिकले नाही.

४

फरीदाबादची घडण निराळी होती. तेथे आलेले लोक मुख्यतः बन्नू, डेरा इस्माइल खान, पेशावर या वायव्य सरहद्दीवरील भागांतले होते. १९४९ मध्ये त्यांच्यासाठी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली फरीदाबाद विकास मंडळ नेमण्यात आले; सुधीर घोष हे मुख्य प्रशासक होते व कमलादेवी चट्टोपाध्याय मंडळाच्या सदस्य होत्या. नगराचे बांधकाम सरकारी बांधकाम खात्याने ठेकेदारांकरवी करावे, की ते निर्वासितांच्या स्वाधीन करावे, हा पहिला वादाचा मुद्दा ठरला. कमलादेवींनी १९४८ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय सहकारी संघाने दुसऱ्या पक्षाचा पुरस्कार केला. त्या संघाने याच सुमारास दिल्लीजवळ छतरपूर येथे निर्वासित शेतकऱ्यांची सहकारी शेती सुरू केली होती.

फरीदाबादेत कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या. ज्यांनी पूर्वी कधी हाती कुदळ धरली नव्हती, ते माती खणू लागले, विटा पाडू लागले, भिंती चढवू लागले. हे काम हेच त्यांचे शिक्षण होते, आणि मजुरी हेच त्यांचे विद्यावेतन होते. अशा रीतीने हजारो घरे उभी राहिली. सेवाग्रामच्या हिंदुस्तानी तालीमी संघाच्या कार्यकर्त्यांनी येथे नयी तालीमच्या पद्धतीने मुलांचे शिक्षण सुरू केल्यामुळे वर्ध्याच्या प्रयोगाचा धागाही या नगराशी जोडला गेला.

परंतु घरे बांधून झाल्यावर गवंड्याने काय करावे? सहकारी संस्थांचे बळ बांधकामावर उभे होते. बांधकाम ओसरताच बेकारी पुन्हा डोके वर काढू लागली. कारखाने हळूहळू येऊ लागले, पण त्यांनी निर्वासिताला भागीदार म्हणून नव्हे, तर मजूर म्हणून सामावून घेतले. दरम्यान मंडळाची स्वायत्तता संपून कारभार नेहमीच्या सरकारी चाकोरीत गेला. पुढे फरीदाबाद हे उत्तर भारतातील एक मोठे औद्योगिक नगर झाले. नगर म्हणून ते यशस्वी ठरले. आपल्या नगराचे धनी आपणच, ही तेथील पहिल्या पिढीची उमेद मात्र मागे राहिली.

५

स्त्रियांच्या बाबतीत बाजारपेठेचा प्रश्न अधिकच तीव्र होता. ज्यांचे कुटुंबीय मारले गेले किंवा दुरावले, अशा निराधार स्त्रियांसाठी रामेश्वरी नेहरू यांच्या देखरेखीखाली पुनर्वसन खात्याचा स्वतंत्र विभाग काम करीत होता, आणि जालंदरच्या गांधी वनिता आश्रमासारख्या संस्था आश्रयाबरोबर शिक्षणही देत होत्या. परिचारिका व शिक्षिका यांच्या व्यवसायांत काही स्त्रियांचा प्रवेश झाला; पण शिवण, भरतकाम व विणकाम यांवरच शिक्षणाचा मुख्य भर राहिला. एकाच प्रकारच्या कामात अनेक हात उतरले, म्हणजे त्या कामाचा मोबदला घटतो. म्हणूनच विक्रीच्या व्यवस्थेला येथे विशेष महत्त्व येते. दिल्लीतील मध्यवर्ती कुटीरोद्योग विक्रीकेंद्राचा कारभार १९५२ मध्ये भारतीय सहकारी संघाकडे आला. शिकविणे जितके आवश्यक, तितकेच विकणे आवश्यक, ही जाणीव या घटनेत दिसून येते.

६

या दोन योजनाबद्ध नगरांशेजारी कल्याणजवळच्या उल्हासनगरचे उदाहरण ठेवले असता तुलना पूर्ण होते. युद्धकालीन लष्करी बराकींत सिंधी निर्वासितांना आणून ठेवण्यात आले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला हे नाव मिळाले. येथे डे यांच्यासारखा कल्पक योजक नव्हता. परंतु सिंधी व्यापाऱ्याला आपला मूळ व्यवसाय टाकावा लागला नाही, आणि मुंबईची अफाट बाजारपेठ लोहमार्गाने जवळ होती. कापड, तयार कपडे, लाकडी सामान व अनेक किरकोळ वस्तू यांचे लहानलहान कारखाने तेथे निघाले. दाटी, अस्वच्छता व कायद्याकडे दुर्लक्ष ही त्याची किंमत होती. ती नजरेआड करून उल्हासनगरचे गुणगान करणे योग्य होणार नाही. तथापि निलोखेरीला जे गिऱ्हाईक शोधावे लागले, ते उल्हासनगरला दाराशी मिळाले, ही गोष्ट निर्णायक होती.

तात्पर्य, धंदेशिक्षण हे पुनर्वसनाचे एक अंग होय. त्यालाच पुनर्वसन समजणे ही चूक आहे. निलोखेरीने शिक्षणाला उत्पादनाची जोड दिली, फरीदाबादने उत्पादनाला सहकाराची जोड दिली. परंतु टिकाऊ मागणी आणि मिळविलेल्या कामावरील मालकी या दोहोंची हमी कोणालाच पूर्णपणे देता आली नाही. कौशल्य माणसाच्या हातात असते, पण उपजीविका समाजाशी असलेल्या त्याच्या संबंधांत असते. फाळणीने माणसांचे हात शाबूत ठेवले आणि नेमके ते संबंध तोडले. ते पुन्हा जोडणे हे काम कोणत्याही प्रशिक्षणकेंद्राच्या अभ्यासक्रमात मावणारे नव्हते, आणि तरीही ज्या योजनांनी त्याचा विचार केला, त्याच इतिहासात स्मरणीय ठरल्या.