वकिलावांचून नादारी

नादार होणें म्हणजे देणें फेडण्याची ऐपत उरली नाहीं असें कोर्टापुढें कबूल करून कायद्याचा आसरा मागणें. ही गोष्ट सामान्य माणसास वकिलावांचून साधेल काय, हा प्रश्न नवा नाहीं. सातारच्या मुलखांत तो १८७९ सालींच पुढें आला होता.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा रोख माणसांपेक्षां खतांवर व हुकूमनाम्यांवर अधिक होता. हातीं लागलेले कागद त्यांनीं जाळले. सप्टेंबरांत हीच ठिणगी तेव्हांच्या सातारा जिल्ह्यांतील कोकरूड गांवीं पडली. तें गांव आज सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यांत आहे. पुढें चौकशी होऊन १८७९ चा सतरावा कायदा झाला, व तो पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू करण्यांत आला. सांगली शहर त्या वेळीं पटवर्धनांच्या संस्थानांत असल्यामुळें त्याच्या कक्षेबाहेर राहिलें.

या कायद्यानें पैशाच्या हुकूमनाम्यापायीं शेतकऱ्यास कैदेंत टाकणें बंद झालें. पन्नास रुपये वा अधिक देणें असलेल्या शेतकऱ्यास सबजज्जाकडे नादारीचा अर्ज करतां येऊं लागला. कुटुंबाच्या निर्वाहापुरती जमीन राखून उरलेली कलेक्टरानें सात वर्षांपर्यंत सांभाळावी व तिचें उत्पन्न धनकोंस द्यावें, अशी तरतूद होती. शंभर रुपयांपर्यंतच्या कामांत वकिलास सामान्यतः मज्जाव होता. सावकाराच्या वकिलापुढें गरीब कुळ दडपून जाऊं नये, हा त्यांतील हेतु. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं या कायद्याखालील कोर्टांच्या तपासणीचें काम पुष्कळ वर्षें केलें.

तरीहि नादारीच्या वाटेनें फार थोडे शेतकरी गेले. पुढच्या पेरणीचें बीं ज्याच्या दारीं मागावयाचें, त्याच्यासमोर नादार म्हणून उभें कसें राहावें? शिवाय वकील दूर झाला तरी वही सावकाराचीच राहिली. पावती, सालाचा हिशेब व खातेपुस्तक मागण्याचा हक्क कायद्यानें कुळास दिला. पण ज्यास अक्षरओळख नाहीं, त्याच्या हातीं भरलेली वही आणि कोरी वही सारखीच!

आज काय स्थिति आहे? २०१६ च्या नव्या संहितेंतील व्यक्तिविषयक भाग २०१९ सालीं कंपन्यांच्या जामीनदारांपुरताच लागू झाला. इतरांसाठीं १९२० चाच प्रांतिक नादारी कायदा राहिला. त्यान्वयें पांचशें रुपये वा अधिक देणें असणाऱ्यास जिल्हा न्यायालयाकडे अर्ज करतां येतो, आणि तो स्वतः चालविण्यास आडकाठी नाहीं. मात्र प्रत्येक देणें, प्रत्येक धनकोचें नांव व पत्ता, आणि आपली सारी मालमत्ता त्यांत खरेपणानें नमूद करावी लागते. नादार ठरलें म्हणजे काम संपलें असेंहि नव्हे. कोर्टानें घातलेल्या मुदतींत मुक्ततेचा वेगळा अर्ज न केल्यास मिळालेला हुकूम रद्द होतो.

तात्पर्य, वकील नसला तरी चालेल, पण हिशेब नसून चालणार नाहीं. आपल्या मुलांस व्याजाचें गणित शिकवितांना तें केवळ परीक्षेपुरतें शिकवूं नये. ज्याला आपलें देणें स्वतः मांडतां येतें, त्यालाच त्यांतून सुटण्याची वाट कोणाचें बोट न धरतां चालतां येते.